भोर घाट बारा फुटी फळीवर: एचओ, एन की आणखी काही?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. भोर घाटाच्या एखाद्या तुकड्याचा मॉडेल रेल्वे लेआउट करायचा आहे. जागा ठरलेली आहे: भिंतीलगत १२ फूट लांब, अडीच फूट रुंद. त्यापुढे एक इंचही मिळणार नाही.

१:३७ चा चढ नजरेला जाणवला पाहिजे. पुढे एक इंजिन, मध्ये बॉक्सएन वाघिणींची मालगाडी, मागून ढकलणारे दोन बँकर. वर ओव्हरहेड तारा, एक बोगदा आणि नागनाथ किंवा मंकी हिलच्या धर्तीवर एखादी केबिन. गाडी नुसती गोल गोल फिरलीच पाहिजे असा हट्ट नाही, पण फिरली तर आवडेल.

स्केल कुठलं धरू? आणि इंजिनं कुठल्या काळातली घेऊ, डीसी काळातला खेकडा (डब्ल्यूसीजी-१) की आताची डब्ल्यूएजी-७ आणि ९ ही एसी इंजिनं? जमलं तर आकड्यांसकट लिहा.

एनवाला

डोळे मिटून एन. आधी लांबी पाहा. बॉक्सएन वाघीण कपलर ते कपलर १०.७१३ मीटर, इंजिन साधारण साडेवीस मीटर धरा. १:१६० ला वाघीण ६७ मिमी आणि इंजिन १२८ मिमी. बारा वाघिणी आणि तीन इंजिनं मिळून गाडी जेमतेम १.२ मीटर. तीच गाडी एचओत, म्हणजे १:८७ ला, जवळजवळ २.२ मीटर होते. तुमची फळी आहे ३.६६ मीटर. एचओची गाडी निघण्याआधीच पोचलेली असेल.

दुसरं वळण. अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी. एनमध्ये काटो या जपानी कंपनीचा ३१५ मिमी त्रिज्येचा ट्रॅक टाकला तर रुळाच्या पायासकट ६५५ मिमी रुंदी लागते, दोन्ही कडांना पन्नासेक मिमी उरतात. गोल पूर्ण होतो. एचओत अगदी १८ इंची त्रिज्या घेतली तरी नुसता गोलच ३६ इंचांचा, आणि सहा अ‍ॅक्सलची इंजिनं १८ इंचांवर कुरकुरतात, त्यांना २२ तरी द्यावी लागते.

लोखंडी_रूळ

एनवाला, वळणाचं गणित बरोबर, पण गाड्या कुठून आणणार? भारतीय इंजिनं आणि डबे जे काही थोडे तयार मिळतात ते बहुतेक एचओत. एनमध्ये बॉडी स्वतः थ्रीडी प्रिंट करायची, खाली जपानी किंवा अमेरिकन चासी बसवायची, आणि डीसीसी डिकोडर (रुळातून आलेले डिजिटल आदेश वाचून मोटर चालवणारी चकती) कोंबायला जागा शोधायची. नवख्या माणसाचं पहिलं वर्ष त्यातच जाईल.

शिवाय घाट बघायचा असतो तो चाकं, बफर, पँटोग्राफ यांसकट. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ पासून लोकांना खुलं आहे, ते एचओत आहे. तिथे जाऊन फूटभर अंतरावरून इंजिन बघा आणि मग ठरवा की याच्या निम्मं चालेल का.

गोल नको म्हणा, फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवा. घाट सेक्शन तसाही गोल नाही.

सांधेवाला

+१. दोन्ही टोकांना गाडी लपवायची सोय करा म्हणजे झालं.

मोजपट्टी

एचओ की एन या वादात मूळ गोष्ट बाजूला पडते आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. एचओचा रूळ १६.५ मिमी, तो १४३५ च्या स्टँडर्ड गेजसाठी. १:८७ ला आपला गेज हवा १९.२५ मिमी. म्हणजे एचओतलं प्रत्येक भारतीय इंजिन पावणेतीन मिमी अरुंद रुळावर उभं असतं. समोरून पाहिलं की लगेच कळतं, बॉडी पसरट आणि चाकं आत ओढलेली. एनमध्ये हवा १०.५, मिळतो ९.

आता हे गणित बघा. एचओ म्हणजे एका फुटाला साडेतीन मिमी. त्याऐवजी फुटाला तीन मिमी धरा, म्हणजे १:१०१.६. साडेपाच फूट गुणिले तीन, बरोबर १६.५ मिमी. बाजारात मिळणारा एचओचा रूळ जसाच्या तसा भारतीय ब्रॉडगेज होतो. हे स्केल नवं नाही. ब्रिटिश टीटी १९५७ पासून याच मापाचं, फक्त ते खाली १२ मिमीचा रूळ वापरतात.

आणखी पुढे. बॉक्सएनच्या कॅसनब बोगीचा व्हीलबेस (टोकाच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) २००० मिमी, चाकाचा व्यास १००० मिमी. १:१०१.६ ला ते होतात १९.७ आणि ९.८ मिमी. अमेरिकन मालगाडीची एचओ बोगी, ५ फूट ८ इंच व्हीलबेस आणि ३३ इंची चाकं, मॉडेलवर येते १९.८ आणि ९.६ मिमी. दोन्ही तीन तुकड्यांच्या ओतीव बोग्या, दिसायलाही एकाच घराण्यातल्या. खाली आयती बोगी लावा, वर वाघिणीची बॉडी प्रिंट करा. एचओत हीच बोगी बॉक्सएनखाली आखूड दिसते, कारण तिथे व्हीलबेस २३ मिमी हवा.

कर्जतकर

हे भारी आहे! वाचनखूण साठवली. मोजपट्टी, मग माणसं, झाडं, मोटारी कुठल्या मापाच्या घ्यायच्या?

मोजपट्टी

@कर्जतकर, आर्किटेक्ट लोक १:१०० ची मॉडेलं करतात. त्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानांत १:१०० ची माणसं, झाडं, गाड्या पाकिटांनी मिळतात. फरक दीड टक्क्याचा, डोळ्याला दिसत नाही.

लोखंडी_रूळ

कल्पना सुंदर आहे, मान्य. पण वाघिणी सोप्या, इंजिनाचं काय? डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीचा व्हीलबेस ३८१० मिमी. एचओत तो ४३.७ मिमी, आणि अल्कोच्या अमेरिकन आरएसडी मालिकेची तयार चासी तिथे चपखल बसते, कारण बोगीच तीच: तीन अ‍ॅक्सल, मधलं अंतर असमान. १:१०१.६ ला हवा ३७.५ मिमी. तीन अ‍ॅक्सलची एवढी आखूड एचओ बोगी शोधायला गेलात तर हात हलवत परत याल.

मोजपट्टी

बरोबर, खरी अडचण तीच. वाट अशी: बोगीच्या बाहेरच्या दोन अ‍ॅक्सलना गिअर, मधला अ‍ॅक्सल नुसता फिरता, उभ्या खाचेत अर्धा मिमी वरखाली होणारा. बाजूची फ्रेम प्रिंट केलेली, आत ०.८ मिमी पितळी पत्र्याचा सांगाडा. मधलं चाक घट्ट बसवलं तर चढ सुरू होतो तिथे बोगी त्याच चाकावर झुलते आणि बाहेरची चाकं रूळ सोडतात. खाच विसरू नये.

आणि तीनही इंजिनांना मोटर कशाला? एकाला पुरते. त्याचा हिशोब वजनावर आहे, तो कुणीतरी मांडा.

तांब्याची_तार

मांडतो. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीत एचओ डब्याचं वजन १ औंस अधिक दर इंची लांबीला अर्धा औंस. १:१०१.६ ची वाघीण १०५ मिमी, म्हणजे ४.१५ इंच. वजन ३ औंसांच्या किंचित वर, ८७ ग्रॅम. बारा वाघिणी १,०४४ ग्रॅम. त्यात दोन बिनमोटरीचे बँकर प्रत्येकी १५० ग्रॅमचे. एकूण १,३४४ ग्रॅम.

१:३७ म्हणजे २.७ टक्के. चढाचा विरोध ३६ ग्रॅम. चाकं मोकळी फिरत असतील तर घर्षणाचे दोनेक टक्के धरा, २७ ग्रॅम. मिळून ६३. इंजिन ४५० ग्रॅमचं असेल तर धातूच्या चाकांवर वजनाच्या २० टक्के ओढ मिळते, ९० ग्रॅम, त्यातले १२ स्वतःला वर नेण्यात जातात. ७८ उरले. सरळ रुळावर गाडी चढते.

वळण आलं की हिशोब बदलतो. एचओच्या रुळासाठी ढोबळ नियम: ३२ ला इंचातल्या त्रिज्येने भागा, येईल तितके टक्के चढात मिळवा. ३२ इंची वळण म्हणजे आणखी १ टक्का, तुमच्या गाडीसाठी १३ ग्रॅम, इंजिनाच्या स्वतःच्या वजनाचे ४ ते ५ वेगळे. म्हणजे काठावर नापास. १८ इंची वळण चढावर टाकलंत तर पावणेदोन टक्के वाढतात आणि इंजिन जागीच चाकं फिरवत बसेल. चढावर वळण द्यायचंच तर मोठं द्या, आणि एका बँकरला मोटर बसवा.

घाटमाथा

बँकरला मोटर असलीच पाहिजे! भोर घाटाचा जीवच तो आहे. कर्जतला बँकर मागे लागतात, लोणावळ्याला सुटतात. नुसते ओढत नेलेले बँकर नकोत. पण दोन्हीकडून जोर लावला तर मधल्या वाघिणी रुळावरून उडत नाहीत का?

तांब्याची_तार

उडतात, जर वेग जुळवले नसतील तर. बँकर जास्त वेगाचा असेल तर तो गाडी दाबतो आणि वळणावर सगळ्यात हलकी वाघीण बाहेरच्या अंगाला चढते. कमी वेगाचा असेल तर तोच ब्रेक होतो आणि पुढचा कपलर सुटतो.

दोन्ही इंजिनांच्या डिकोडरमध्ये आधी सीव्ही३ आणि सीव्ही४ (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांकाने ओळखली जाणारी सेटिंग) शून्य करा, म्हणजे वेग घेण्याचा-सोडण्याचा उशीर निघून जातो. मग सपाटीवर एक मीटरच्या दोन खुणा. एकेक इंजिन एकटं पळवायचं. १२८ पैकी पहिल्या पायरीवर दोन्ही जेमतेम हलली पाहिजेत, ते सीव्ही२ ने. ६४ व्या पायरीला मीटरभर जायला सारखा वेळ लागला पाहिजे, ते सीव्ही६ ने. शेवटच्या पायरीला सीव्ही५ ने. नेहमी वेगवान इंजिनाला खाली आणा, हळू इंजिनाला वर ओढू नका. शेवटी सीव्ही३ आणि सीव्ही४ दोन्हींत सारख्याच किमतीने भरा.

त्यानंतरही गाडी हिसके देत असेल तर बॅक-ईएमएफ (मोटरचा वेग मोजून तो राखायची डिकोडरची सोय) बघा. दोन्ही डिकोडर आपापला वेग जबरदस्तीने राखायला जातात आणि एकमेकांशी भांडतात. बँकरचा बॅक-ईएमएफ सौम्य करा किंवा बंद. त्याचा सीव्ही कंपनीगणिक वेगळा असतो, माहितीपत्रक बघूनच हात लावा.

सगळ्या वाघिणींचं वजन सारखं ठेवा. एखादी ५० ग्रॅमची मध्ये आली की तीच उडणार.

बार्शीलाइट

अवांतर: कुणी वाफेचं नावच काढत नाही. माझं मत, १२ फुटांत ब्रॉडगेजचा घाट कोंबण्यापेक्षा बार्शी लाइट रेल्वे करा. १८९७ ला सुरू झालेली, अडीच फुटी गेज, कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली, एका अ‍ॅक्सलवर फक्त ५ टन. ७६२ मिमी भागिले ८७, ८.८ मिमी. एनचा ९ मिमी रूळ आणि एनचीच चासी वापरून एचओतली बार्शी होते. गेजचा वादच मिटला. छोट्या गाड्या, घट्ट वळणं, दहा-बारा इंची त्रिज्येत गोल पूर्ण.

वाफेच्या इंजिनात एकच जपायचं, ते म्हणजे दोन्ही बाजूंच्या क्रँकमधला ९० अंशांचा कोन. एका अ‍ॅक्सलचं चाक दोन-तीन अंश जरी सरकलं तरी साइड-रॉड दर फेरीला अडखळतो. लोक मोटरला दोष देतात, गिअर बदलतात, आणि दोष चाकात असतो. ओळखायची खूण: इंजिन हळू चालवा, अडखळ दर फेरीला त्याच जागी येते का बघा. येत असेल तर मोटर आणि वर्म सोडवून इंजिन हाताने ढकला. तरीही अडखळलं तर कोन चुकलाय. चाकं ठोकून बसवू नका, कोनाच्या जिगमध्येच दाबा.

नेरळ_जंक्शन

बार्शीलाइट यांना अनुमोदन, आणि माथेरानही लक्षात घ्या. १९०७ ची दोन फुटी गाडी, चढ १:२० पर्यंत. ६१० मिमी भागिले ८७, ७ मिमी होतात, झेड या छोट्या स्केलचा ६.५ मिमी रूळ जवळ जातो. पण माथेरानची जुनी ओरेनस्टाइन अँड कोपेल इंजिनं करायला घेऊ नका. सहा चाकं, सहाही जोडलेली, वळणावर टोकाचे अ‍ॅक्सल सरकावेत म्हणून क्लीन-लिंडनर रचना. मॉडेलमध्ये ती उतरवणं घड्याळजीचं काम. डिझेलने सुरुवात करा.

खेकडाप्रेमी

मूळ धाग्यात खेकड्याचं विचारलंय त्याला उत्तर द्या की कुणीतरी. डब्ल्यूसीजी-१ शिवाय भोर घाट म्हणजे पन्हं कैरीशिवाय. मार्क्लिनच्या स्विस क्रोकोडाइलची चासी घेऊन वर आपली बॉडी बसवता येईल का?

मोजपट्टी

@खेकडाप्रेमी, बसवता येणार नाही, चाकं जुळत नाहीत. स्विस क्रोकोडाइलला दोन्ही टोकांना एकेक छोटं वाहक अ‍ॅक्सल आहे. आपल्या डब्ल्यूसीजी-१ ला ते नाही, तीन आणि तीन, सगळी चालकचाकं, रॉडने जोडलेली. जर्मन ई ९४ सुद्धा दिसायला तशी, पण तिला रॉड नाहीत, प्रत्येक अ‍ॅक्सलला वेगळी मोटर. शिवाय मार्क्लिनची एचओ गाडी मधल्या खिळ्यांवरून वीज घेते, ती दोन रुळांच्या पद्धतीवर आणायची म्हणजे चाकं बदलायची आणि इन्सुलेशनचं काम.

नमुना हवा असेल तर मुंबईत नेहरू सायन्स सेंटरला एक डब्ल्यूसीजी-१ उभं आहे. टेप घेऊन जा. रॉडची टोकं, जॅकशाफ्ट (मोटरची ताकद रॉडला देणारा आस) आणि नाकावरच्या जाळ्या यांचे फोटो कॅमेरा चाकाच्या उंचीला धरून काढा. वरून काढलेल्या फोटोवरून माप घेतलं की रॉड आखूड येतो.

कर्जतकर

त्या खेकड्याला पाय मोजूनच द्यायचे तर :)

खडीवाला

फळीबद्दल कुणी बोललं नाही. पावसाळ्यात सगळ्यात आधी तीच दगा देते. एमडीएफ नको, एकदा दमट हवा प्यायलं की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत. १२ मिमीचं आयएस ७१० (मरीन) प्लायवुड, खाली दर १६ इंचांना आडवी पट्टी. कापलेल्या कडांना आणि खालच्या बाजूला वॉर्निश, नुसतं वरून लावून उपयोग नाही. रुळाचे सांधे सगळे डाखू नका. वळणावरचे डाखा, सरळ भागात दर तीन फुटांना एक मिमीची फट. लाकूड सरकतं तेव्हा रूळ कुठेतरी वाकणारच, त्याला जागा द्या.

डोंगराला थर्माकोल चालतो, पण स्प्रे पेंट आणि रबरबेस गोंद त्याला विरघळवतात. फेव्हिकॉल आणि पाण्याचे रंगच वापरा. घाटाचा दगड काळा बेसाल्ट, आडव्या थरांचा. प्लास्टर ओतून उभ्या भेगा पाडत बसू नका, ते हिमालय दिसतं. पट्टीने आडव्या पायऱ्या कोरा, मधे तुटक कडा ठेवा.

खडी चिकटवायला फेव्हिकॉल एक भाग, पाणी दोन भाग, भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन थेंब. साबण नसेल तर थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि खडी तरंगते. मार्ग बदलणाऱ्या सांध्याच्या हलत्या जिभांपासून इंचभर लांब राहा.

तांब्याची_तार

खडीवाला यांना जोडून वायरिंग: फळीखाली २.५ चौ. मिमीच्या दोन तारा टोकापासून टोकापर्यंत, वेगवेगळ्या रंगाच्या. दर तीन फुटांना ०.५ चौ. मिमीची जोडणी रुळाला डाखलेली. रेल जॉइनरवर वीज वाहून नेण्याची जबाबदारी टाकू नका, एका पावसाळ्यात त्यांचा विरोध वाढतो. झाल्यावर डीसीसी चालू ठेवून दोन्ही रुळांवर नाणं टेकवा, अगदी टोकाला. बूस्टर (रुळाला वीज पुरवणारं यंत्र) ताबडतोब बंद पडला पाहिजे. नाही पडला तर तार बारीक आहे किंवा डाख कच्चा आहे, आणि खऱ्या शॉर्टमध्ये बोगी वितळेल.

एनवाला

वाचून एक प्रश्न. फळीवर चढ किती येईल हे कुणी काढलंय का? दोन्ही टोकांना ३०० मिमी सपाट ठेवलं तर उरतात ३.०६ मीटर. भागिले ३७, उंची फक्त ८३ मिमी. एका रुळावरून दुसरा नेता येणार नाही, कारण तारांसकट १:१०१.६ ला ७० मिमी तर मोकळेच हवेत, वर पुलाची जाडी. आणि सपाटीवरून चढावर जाताना निदान एका इंजिनाच्या लांबीचा गोलावा हवा, त्यात आणखी काही मिमी गेले. घाट वाटेल का तो?

सांधेवाला

वाटेल, जर डोळ्याला तुलना मिळाली तर. दोन रूळ करा. मागचा चढता, पुढचा फळीच्या कडेला सपाट. दोघांमधलं अंतर वाढत जाताना दिसलं की १:३७ सुद्धा उभा वाटतो. भोर घाटात तसेही तीन मार्ग आहेत. फळीची दर्शनी कडा मात्र आडवी कापू नका, डोंगराच्या उताराने कापा.

आणि उतरत्या मार्गावर कॅच सायडिंग (सुटलेली गाडी अडवणारा बाजूचा रूळ) घ्या. सांधा नेहमी सायडिंगकडे लावलेला, गाडी आटोक्यात आहे हे पटल्यावरच मुख्य मार्गाला मिळतो. सर्वो मोटरने सहज होतं. सायडिंगमध्ये खरी वाळू टाकू नका, एक कण गिअरमध्ये गेला की इंजिन उघडावं लागतं. सँडपेपरची पट्टी रंगवून चिकटवा.

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. ठरवतोय ते असं: १:१०१.६, एचओचा कोड ७५ (०.०७५ इंच उंचीचा) रूळ, टोक ते टोक, गोल नाही. वाघिणी आठच, म्हणजे गाडी तीन इंजिनांसकट दीड मीटरच्या आत. पुढचं इंजिन आणि एक बँकर मोटरचे. आजचा एसी काळ आधी, खेकडा नंतर सवडीने. सगळी फळी बांधण्याआधी काय तपासून घेऊ?

मोजपट्टी

तीन फुटी फळी घ्या, एक गज फ्लेक्स (वाकवता येणारा) ट्रॅक टाका, एका टोकाखाली २५ मिमीचा ठोकळा. झाला १:३७. त्यावर एक बोगी-जोडी आणि प्रिंट केलेली एकच वाघीण ८७ ग्रॅमला आणून सोडा. आपोआप घरंगळत खाली आली पाहिजे. थांबली तर बोगीची अ‍ॅक्सल-टोकं घट्ट आहेत, रीमरने साफ करा. मग ठोकळा १८ मिमीचा करा आणि पुन्हा सोडा.

एका अ‍ॅक्सलवरच्या दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर प्रत्येक जोडीचं तपासा, १४.४ मिमी. आयत्या बोगीतही एखादी जोडी १४.१ ची निघते आणि तीच सांध्यात चढते.

लोखंडी_रूळ

कपलरची उंची आताच ठरवा. केडी कंपनीचे लावणार असाल तर त्यांचाच २०५ नंबरचा गेज वापरा. एचओ बोगीवर १:१०१.६ ची बॉडी बसवताना बोल्स्टर (बॉडी बोगीवर टेकते तो आडवा भाग) एक-दीड मिमीने खाली येतो, सगळ्या वाघिणींना सारखेच वॉशर घाला. चढाच्या पायथ्याशी कपलर सुटले तर दहातले नऊ वेळा कारण तेवढंच असतं.